नवं बांधलेलं इंजिन पुन्हा गरम होतंय, हेड गॅस्केट पुन्हा उडतंय: कारण कुठे शोधायचं

जुन्या फोर बाय फोरचं डिझेल इंजिन पूर्ण खोललं, रिंगा-बेअरिंग नवी टाकली, हेडचं (सिलिंडरांवरच्या झाकणाचं) फेसिंग, म्हणजे खालचा पृष्ठभाग मशीनवर सपाट, करून घेतलं, गाडी रस्त्यावर आली. तीन-चार हजार किलोमीटर छान गेले आणि एका चढावर गाडीने पाणी फेकलं. हेड काढलं, हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट बदललं, काही महिन्यांनी पुन्हा तेच. माझ्या गाडीत हे दोन वर्षांत तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मी नवं गॅस्केट आणायच्या आधी महिनाभर फक्त मोजमापं घेतली आणि तेव्हा कुठे कारण हाताला लागलं. गॅस्केट त्यानंतर टिकलं आहे. त्या महिन्यात जे शिकलो ते सविस्तर लिहितो, कारण दर वेळी हेड काढण्यात जाणारी मेहनत आणि मनस्ताप मला नीट माहीत आहे.

गॅस्केट उडतं तेव्हा दोष गॅस्केटचा क्वचितच असतो. एकतर त्याला नीट दाबून धरलेलं नसतं, नाहीतर त्याच्यावर झेपणार नाही इतकी उष्णता किंवा दाब येतो. नुसतं गॅस्केट बदललं की मूळ कारण जिथल्या तिथे राहतं आणि पुढची तारीख ठरलेलीच असते.

आधी काय झालं: गरम झालं की उडालं?

ही दोन दुखणी एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की गोंधळ होतोच. गाडी गरम होऊन गॅस्केट उडतं आणि गॅस्केट उडाल्यामुळेही गाडी गरम होते. म्हणून शेवटच्या वेळी नेमकं काय घडलं ते आठवून लिहून काढा. चढावर लोडमध्ये तापमानाचा काटा हळूहळू वर गेला आणि मग पाणी उकळलं, तर संशय कूलिंगवर. काटा जागेवर असतानाच रेडिएटरच्या बाटलीतलं पाणी वर आलं, फेकलं गेलं आणि मग पाणी कमी पडून गाडी तापली, तर ज्वलनाचा गॅस पाण्यात घुसतो आहे.

काट्यावर फार विसंबू नका. सेन्सरचं टोक पाण्यात बुडालेलं असेल तरच तो खरं सांगतो. पाणी निघून गेलं आणि टोक वाफेत किंवा हवेत राहिलं, तर काटा खाली येतो आणि चालकाला वाटतं गाडी थंड झाली. जुन्या गाडीत इंजिनाची अर्थ वायर गंजलेली असली तरी काटा भलतंच दाखवतो. मी आता हेडच्या धातूवर, एका बोल्टाखाली, वेगळा सेन्सर लावला आहे. त्याला पाणी असण्या-नसण्याशी देणंघेणं नाही. शिवाय पाण्याची पातळी उतरली की वाजणारा अलार्म बसवला आहे. या दोन गोष्टी मी पहिल्या दिवशीच लावल्या असत्या तर एक हेड वाचलं असतं.

सगळ्यात सोपी तपासणी सकाळची. रात्रभर उभ्या, पूर्ण थंड गाडीचा रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबून बघा. तो मऊ असायला हवा. थंड असूनही टणक लागत असेल आणि झाकण सैल करताच फुस्स आवाज येत असेल, तर कालचा गॅस आत अडकून बसला आहे. मग झाकण घट्ट लावून गाडी सुरू करा. पाणी कोमट व्हायच्याही आत, मिनिटभरात पाइप दगडासारखा झाला तर तो दाब पाणी तापल्याचा नाही, सिलिंडरमधला आहे. गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीही उघडू नका. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही, झाकण निघताच एका क्षणात त्याची वाफ होते आणि चेहरा-हात भाजतात.

रेडिएटरच्या तोंडावर लावायच्या निळ्या द्रावणाच्या नळीवर काही जण पूर्ण भरवसा ठेवतात. ते द्रावण कार्बन डायऑक्साइडने रंग बदलतं. डिझेल इंजिनात आयडलला हवा खूप आणि डिझेल थोडं असतं, त्यामुळे धुरात तो वायू कमी असतो आणि बारीक गळती निसटू शकते. थोडी रेस देऊन, जास्त वेळ धरून बघा. रंग बदलला तर गळती आहे. बदलला नाही म्हणून इंजिन निर्दोष ठरत नाही.

जास्त खात्रीची पद्धत म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरणं. पिस्टन कम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे हवा दाबून झाल्यावरच्या सर्वात वरच्या जागी, आणा, नोझल (डिझेल फवारणारा भाग) किंवा हीटर प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची सहा-सात बार हवा सोडा आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का पाहा. हवेच्या दाबाने क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) झटक्यात फिरू शकतो, म्हणून फॅन आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवा. प्रत्येक सिलिंडरला हे करा. कोणत्या सिलिंडरला बुडबुडे आले हे कागदावर लिहून ठेवा, कारण पुढे हेड काढल्यावर नजर नेमकी तिथेच न्यायची आहे.

रात्रभर पाणी सिलिंडरमध्ये झिरपलं असेल अशी शंका असेल तर थेट स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नोझल किंवा हीटर प्लग काढा, मग क्रँक फिरवा. ज्या भोकातून पाण्याचा फवारा आला तो सिलिंडर सापडला.

हेड काढताना आणि काढल्यावर

बोल्ट बाहेरून आत अशा क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत सैल करायचे, तेही इंजिन पूर्ण थंड असताना. गरम हेड घाईने काढलं की ते तिथेच वाकतं. जुनं गॅस्केट फेकू नका. खोलल्यावर हातात असलेला सगळ्यात बोलका पुरावा तोच आहे. फायर रिंगवर, म्हणजे गॅस्केटमधल्या प्रत्येक सिलिंडरभोवतीच्या धातूच्या कड्यावर, काळा पट्टा कुठून कुठे गेला आहे, दोन सिलिंडरांच्या मधे जळलं आहे की पाण्याच्या भोकाकडे, आणि रिंगचा ठसा सगळीकडे सारखा उमटला आहे का, हे उजेडात बघा. माझ्या तिन्ही गॅस्केटांवर तिसऱ्या सिलिंडरभोवतीचा ठसा फिकट होता. पहिली दोन मी न बघता टाकून दिली होती. नंतर भंगारातून शोधून काढली तेव्हा तिन्हींवर तीच खूण दिसली.

आता मोजमाप. हेडवर सरळ पट्टी लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्या) घालून बघा. मर्यादा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधली धरा. चार सिलिंडरच्या हेडला ती बहुधा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या दरम्यान असते. हेडचं फेसिंग सगळे करून घेतात. ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागावर मात्र पट्टी ठेवायचा विचार फार थोडे करतात. माझ्याकडे पहिल्या दोन्ही वेळी हेडचं फेसिंग झालं आणि ब्लॉक कोणी मोजलाच नाही.

ओल्या लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट पाणी लागतं अशा, इंजिनात सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप म्हणजे लायनरची उंची. लायनर ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर असावा लागतो, म्हणजे हेड बसल्यावर फायर रिंग तिथे सर्वात जास्त दाबली जाते. बहुतेक इंजिनांत ही उंची ०.०३ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास मागितलेली असते आणि शेजारच्या लायनरांतला फरक त्याहूनही कमी चालतो. मोजताना लायनर पट्टी-बोल्टने खाली दाबून धरायचा, नाहीतर खालच्या रबर रिंगा त्याला उचलून धरतात आणि खोटी उंची मिळते. डायल गेजने प्रत्येक लायनरवर चार ठिकाणी मोजा.

माझे तीन लायनर ०.०६ च्या आसपास होते आणि तिसरा ब्लॉकच्या बरोबरीला, म्हणजे शून्य. तो लायनर ज्या काठावर बसतो तो काठ गंजून आणि घासून खाली गेला होता. वरून कितीही चांगलं गॅस्केट टाकलं तरी तिसऱ्या सिलिंडरवर त्याला दाबच मिळत नव्हता. साध्या चालवण्यात ते तग धरायचं, चढावर उडायचं. उपाय म्हणजे तो काठ मशीनवर सपाट कापून घेणं आणि खाली योग्य जाडीची शिम (धातूची पातळ चकती) टाकणं. काम एका दिवसाचं होतं. त्याआधीची दोन वर्षं मी भलतीकडेच शोधत होतो.

कोरड्या लायनरच्या, म्हणजे नळीला थेट पाणी न लागणाऱ्या, इंजिनातही हा दोष असतो. तिथे लायनर खाली सरकतो किंवा त्याच्या कडेखालची जागा दबते. पट्टी आणि फिलर गेजने तोही पकडता येतो.

हेडला तडा आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका. दोन व्हॉल्व्हच्या सीटांच्या मधला तडा थंड असताना बंद असतो आणि धातू फुगला की उघडतो. म्हणून हेड गरम पाण्यात बुडवून, आत हवेचा दाब देऊन तपासून घ्या. थंड हेडवर केलेली तपासणी मी तपासणी मानत नाही.

फेसिंग किती वेळा झालं आहे याची नोंद ठेवा. हेडची किमान जाडी ठरलेली असते. धातू उतरला की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. त्यामुळे व्हॉल्व्हची खोली आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे मोजूनच गॅस्केटची जाडी निवडायची. बऱ्याच डिझेल इंजिनांची गॅस्केटं दोन-तीन जाड्यांत मिळतात आणि कडेला खाचा किंवा भोकं पाडून ती ओळखता येतात. नवे पिस्टन टाकले असतील तर जुन्या गॅस्केटच्या खाचा बघून तेच मागवू नका, नव्याने मोजा. आणि एकावर एक पोलादी पत्र्यांचं गॅस्केट वापरणार असाल तर पृष्ठभाग जुन्या पद्धतीच्या गॅस्केटपेक्षा खूपच गुळगुळीत लागतो. मशीनवाल्याला हे आधी सांगा.

पृष्ठभाग साफ करायला ड्रिलवर घासणारी चकती लावू नका. मऊ धातूत खड्डे पडतात ते एक. दुसरं अधिक वाईट, चकतीची कुरुंदाची बारीक पूड तेलात जाते आणि नव्या बेअरिंगचा हजार किलोमीटरांत सत्यानाश करते. बोथट पट्टी, गॅस्केट सोडवणारं द्रावण आणि धीर, एवढं पुरतं.

बोल्ट

मला वाटतं, घरी किंवा छोट्या गॅरेजमध्ये बांधलेली निम्मी इंजिनं इथे फसतात. ब्लॉकमधली बोल्टची बरीच भोकं तळाशी बंद असतात. हेड काढताना त्यांत पाणी आणि तेल उतरतं. तसाच बोल्ट आवळला तर तो तळाशी साठलेल्या द्रवावर दाब देत बसतो. टॉर्क रेंच (ठरवलेला जोर, म्हणजे टॉर्क, लागला की वाजणारा पाना) टक् वाजतो, आकडा बरोबर दिसतो, पण गॅस्केट दाबलेलं नसतं. कधी कधी ब्लॉकलाच तडा जातो. प्रत्येक भोकात टॅप फिरवून आटे साफ करा, हवा मारून कोरडं करा आणि बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरतो का बघा. हाताने फिरला नाही तर आटे खराब आहेत. टॉर्कचा बराचसा भाग त्या घर्षणातच जाणार.

आट्यांना आणि बोल्टच्या डोक्याखाली तेल लावायचं की कोरडं ठेवायचं हे मॅन्युअल सांगतं. तेल लावलेल्या बोल्टचा आकडा कोरड्या बोल्टला वापरला तर दाब बराच कमी पडतो. आधी टॉर्क आणि मग ठरावीक अंश फिरवायचे असे जे ताणले जाणारे बोल्ट असतात, ते दर वेळी नवेच टाका. जुन्या पद्धतीचे जाड बोल्ट पुन्हा चालतात, पण पहिले काही तास चालवल्यावर किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या किलोमीटरांनंतर त्यांना पुन्हा टॉर्क द्यावा लागतो आणि त्यानंतर टॅपेटही (व्हॉल्व्हची फट) पुन्हा सेट करावे लागतात. तो दुसरा टॉर्क विसरला म्हणून उडालेली गॅस्केटं मी पाहिली आहेत.

नवं इंजिन, जुनं कूलिंग

जाळलेल्या डिझेलच्या ऊर्जेतला साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग पाण्यातून बाहेर काढावा लागतो. थकलेलं इंजिन कमी ताकद देत होतं, म्हणून अर्धा बुजलेला रेडिएटर त्याला पुरत होता. इंजिन बांधल्यावर ताकद परत आली, लोक चढावर जास्त रेस देऊ लागले आणि रेडिएटर तोच राहिला. मोठं इंजिन टाकलं किंवा साध्या इंजिनाला टर्बो जोडला, तर फरक आणखी वाढतो.

चढ चढून आल्या आल्या, इंजिन चालू ठेवून, इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवर फिरवा. एखादा पट्टा शेजारच्यापेक्षा बराच थंड असेल तर तिथल्या नळ्या बंद आहेत. माझ्या रेडिएटरचा खालचा एक कोपरा असाच थंड होता. मग वरच्या आणि खालच्या टाकीचं तापमान बघा. गाडी गरम आहे पण दोन्हींतला फरक अगदी थोडा, तर पाणी फिरतंय पण हवा पुरेशी जात नाही. फरक खूप मोठा असेल, तर पाणीच हळू फिरतंय. पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर वाट उघडणारा व्हॉल्व्ह), रेडिएटरचा बुजलेला कोअर किंवा खालचा पाइप बघा. त्या खालच्या पाइपच्या आत स्प्रिंग असते. ती गंजून गेली की जास्त रेसला पंपाच्या ओढीने पाइप चपटा होतो आणि आयडलला पुन्हा गोल दिसतो. कोणाला तरी रेस द्यायला सांगून स्वतः बघितल्याशिवाय हे कळत नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो घातक वाटतो. बायपास, म्हणजे रेडिएटर टाळणारी पाण्याची वाट, बंद करण्याचं कामही थर्मोस्टॅट करतो अशी कित्येक इंजिनं आहेत. त्यांत तो काढला की गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरमध्ये न जाता इंजिनातच फिरत राहतो. मूळ तापमानाचा नवा थर्मोस्टॅट घाला आणि घालण्याआधी गरम पाण्याच्या भांड्यात तो किती अंशांवर उघडतो ते पाहा.

रेडिएटरचं झाकणही बदला. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं, तर सुमारे एक बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली १२० च्या आसपास. स्प्रिंग मऊ झालेलं झाकण ही सगळी सवलत काढून घेतं.

आपल्या फोर बाय फोर गाड्यांचं एक वेगळं दुखणं आहे. लो गिअरमध्ये खडकांवरून जाताना रेस असते, लोड असतो, पण समोरून वारा नसतो. सगळी भिस्त फॅनवर. म्हणून फॅनभोवतीचं काउल हवंच. इंजिन बदलताना ते जुळत नाही म्हणून काढून टाकलेलं मी अनेक गाड्यांत पाहिलं आहे. पात्यांची साधारण निम्मी रुंदी काउलच्या आत आणि निम्मी बाहेर असावी. व्हिस्कस फॅन (सिलिकॉन तेलाच्या क्लचवर फिरणारा) असेल तर गरम इंजिन बंद केल्यावर तो दोन-चार गिरक्या घेत राहता कामा नये. सहज फिरत राहत असेल तर आतलं सिलिकॉन तेल गेलं आहे. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधे चिखल आणि गवताचं बी साचतं, ते समोरून कधीच दिसत नाही. दोन्ही वेगळे करून, कमी दाबाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूने बाहेर असं धुवा. विंच आणि मोठे दिवे नेमके जाळीच्या मधोमध लावले असतील तर ते हलवून बघा.

पाणी भरताना गाडीचं नाक उंचावर ठेवा, हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि वॉटर बॉडीवरचा हवा काढायचा स्क्रू असेल तर तिथून बुडबुड्यांविना पाणी येईपर्यंत थांबा. हेडखाली अडकलेला हवेचा एक फुगाही नव्या गॅस्केटला पुरे. नुसतं पाणी वापरू नका. ओल्या लायनरच्या बाहेरच्या बाजूला बारीक भोकं पडत जातात, त्याला चांगलं कूलंटच रोखतं.

डिझेल आणि टायमिंग

डिझेलचा पंप उघडून डिझेल वाढवलं असेल किंवा टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) अंदाजाने पुढे घेतलं असेल, तर बाकी सगळं बरोबर असूनही गॅस्केट जाईल. टायमिंग जास्त पुढे गेलं की सिलिंडरमधला दाब फार लवकर आणि फार उंच चढतो, इंजिनाचा ठोका कडक ऐकू येतो. डायल गेज लावून मॅन्युअलच्या आकड्यावर आणा, कानावर नको. टर्बो असेल तर टर्बोच्या आधी, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गॅसचं तापमान दाखवणारा गेज बसवा. लांब चढावर मी ६५० अंश सेल्सिअसच्या वर टिकू देत नाही. मोठे टायर टाकलेल्यांनी विशेष लक्ष द्यावं. गिअरिंग लांब होतं, इंजिन कमी आरपीएमवर घुसमटत ओढतं आणि हेच तापमान भराभर चढतं. अशा वेळी रेस दाबून धरण्याऐवजी एक गिअर खाली घ्या.

इंजिन बदललेल्यांसाठी आणखी एक तपासणी. पुढच्या डिफरन्शियलला जागा करण्यासाठी तेलाचा चेंबर कापलेला किंवा बदललेला असतो. तेल ओढणारी नळी त्याच्या सर्वात खोल भागात आहे का हे नक्की करा. नाहीतर तीव्र चढावर तेल मागे जातं, नळी हवा ओढते आणि पुढचं काम गॅस्केटचं नसून क्रँकचं निघतं.

बांधून झाल्यावर पहिले हजार किलोमीटर मी रोज सकाळी तीनच गोष्टी वहीत लिहिल्या: वरचा पाइप मऊ की टणक, बाटलीतली पातळी किती, तेलाच्या काडीवर दुधाळपणा (तेलात पाणी मिसळल्याची खूण) आहे का. पहिल्या आठवड्यात पातळी एकदाच थोडी उतरली. ती अडकलेली हवा बाहेर आल्याची होती. पातळी रोज उतरत राहिली, किंवा एका जरी थंड सकाळी पाइप टणक लागला, तर गाडी चढावर नेऊ नका. त्याच दिवशी सिलिंडरमध्ये हवा भरून बघा. या टप्प्यावर हेड अजून सरळ असतं.